सिंगापूर : चांगी ते ईस्ट कोस्ट पार्क, बाबा आणि लेकीसोबत एका दिवसाची सायकल सहल

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जूनच्या सुट्टीत साताऱ्याहून माझे बाबा इकडे येताहेत. वय ६८. दळण, भाजी, पोस्ट, बँक, सगळं अजून सायकलवर. "तिकडे आल्यावर मला मॉल दाखवू नका, सायकल द्या," असं त्यांनी फोनवर आधीच बजावलंय. म्हणून एक अख्खा दिवस त्यांच्यासाठी समुद्राकाठी काढायचा आमचा बेत आहे.

आम्ही चौघं. मी, नवरा, लेक (वय ९, वीस इंची सायकल, गिअर नाहीत) आणि बाबा. माझी घडीची सायकल आहे. नवऱ्याला आणि बाबांना सायकली लागतील.

डोक्यात असलेला बेत असा: सकाळी ९ ला मरीना बराजहून निघायचं, ईस्ट कोस्ट पार्क पूर्ण करायचं, विमानतळाच्या मागून चांगी व्हिलेज गाठायचं. तिथे जेवण. मग बोटीने पुलाऊ उबिन बेटावर, तिथला चेक जावाचा किनारा बघायचा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. नकाशावर एका बाजूचं अंतर ३० किलोमीटरच्या आसपास दिसतंय. चढ जवळजवळ नाहीच.

प्रश्न तीन आहेत. सायकली भाड्याने कुठून घ्याव्यात? बाबा पक्के शाकाहारी आहेत आणि त्यांना शुगर आहे, तर वाटेत खायचं काय? आणि जूनमध्ये पाऊस किती त्रास देतो?

---

घाटवाट

रानजाई, बाबांचा उत्साह वाचून फार छान वाटलं. पण नऊला निघू नका. नऊला निघालात तर विमानतळामागच्या पट्ट्यात तुम्ही बरोबर भर दुपारी असाल.

इथे घड्याळ पुढे आहे हे बाबांनाही आधी सांगून ठेवा. आपण रेखांशाने भारताला जवळ असलो तरी वेळ अडीच तास पुढची पाळतो. साताऱ्यात जूनमध्ये सहाला उजाडतं, इथे सातला. म्हणजे सकाळची थंड वेळ मुळातच उशिरा सुरू होते आणि दहापर्यंत संपते. सातला चाक फिरायला हवं.

---

पूर्वेचा_वारा

मी बेडोकला राहतो आणि हा सगळा किनारा माझ्या रोजच्या फिरण्यातला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बेतात अंतर हा प्रश्नच नाही. सपाट रस्त्यावर ३० किलोमीटर बाबा आरामात करतील, लेकही करेल. प्रश्न सावलीचा आहे आणि वाटेतून बाहेर पडायला जागा कुठे आहे याचा आहे.

ईस्ट कोस्ट पार्क सुमारे १५ किलोमीटर लांब आहे. तिथे पावलोपावली झाडं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, पाणी आहे, बसायला निवारे आहेत. कंटाळा आला की महामार्गाखालच्या भुयारी मार्गाने पलीकडे गेलं की वस्ती. २०२४ च्या जूनमध्ये थॉमसन–ईस्ट कोस्ट मेट्रोची स्थानकं सुरू झाल्यापासून तर फारच सोय झाली आहे. मरीन परेड, मरीन टेरेस, सिगलॅप, बेशोर, सगळी पार्कपासून चालत जाण्याजोगी.

पण पार्कचं पूर्वेचं टोक सोडून तुम्ही विमानतळामागच्या पार्क कनेक्टरवर (उद्यानांना जोडणारी चालण्या-सायकलची वाट) आलात की चित्र पालटतं. एका अंगाला धावपट्टीचं कुंपण, दुसऱ्या अंगाला रस्ता. सात-आठ किलोमीटर सरळसोट. सावली नाही, दुकान नाही, मेट्रो नाही. सकाळी आठला ही वाट सुंदर असते, विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. दुपारी बाराला तिथे नऊ वर्षांचं मूल रडकुंडीला येतं आणि मधेच थांबून उपयोग नसतो. पुढे जा किंवा मागे या, उन्हातूनच.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: दिशा उलटी करा. चांगी व्हिलेजहून सातला निघा. उघडा पट्टा नऊच्या आत मागे टाका. मग जसजसं ऊन चढेल तसतशी सावली वाढत जाईल, आणि जसजसे पाय थकतील तसतशी घरी जायची स्थानकं जवळ येत जातील. आणि परतीचा प्रवास सायकलवर नकोच. एकेरी करा.

---

दर्यावर्दी

पूर्वेच्या वाऱ्याशी बाकी सगळं सहमत, पण दिशेबद्दल शंका आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे. चांगीहून पश्चिमेकडे निघालात तर वारा समोरून. लहान मुलाला आणि साठीपुढच्या माणसाला समोरचा वारा उन्हापेक्षा जास्त दमवतो, असा माझा अनुभव. मी जूनमध्ये नेहमी मरीनाहून चांगीकडे जातो.

---

पूर्वेचा_वारा

दर्यावर्दी, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि दुपारी निघणाऱ्यांना तो शंभर टक्के लागू आहे. पण जूनमध्ये सकाळी सात ते नऊ वारा बहुतेक वेळा पडलेलाच असतो. तो खरा सुटतो उशिरा, आणि तोवर ही मंडळी ईस्ट कोस्टच्या झाडीत आलेली असतील. तिथे वारा अंगाला लागला तर बरंच वाटतं.

जानेवारी-फेब्रुवारीत तर प्रश्नच मिटतो. तेव्हा ईशान्येचा वारा जोरात असतो, चांगीहून निघालं की पाठीवर. त्या दिवसांत मरीनाहून चांगीला जाणाऱ्यांचे हाल मी बघितलेत. धावपट्टीच्या कुंपणाशी गिअर उतरवून उतरवून पेडल मारत असतात.

---

दर्यावर्दी

सकाळी सातचं म्हणत असाल तर मान्य. मी दहाच्या आत कधी त्या पट्ट्यात गेलो नाही, म्हणून वारा एवढा डोक्यात बसला असावा. रानजाई, चांगीहूनच निघा.

उबिनबद्दल मात्र मी ठाम आहे: त्याच दिवशी करू नका. तिकडे जाणारी बमबोट (छोटी मोटरबोट) चांगी पॉइंट फेरी टर्मिनलहून सुटते, बारा माणसं भरली की निघते. माणशी चार डॉलर, सायकलचे दोन वेगळे. त्या रांगेत किती वेळ जाईल ते तुमच्या हातात नाही. बेटावर चेक जावाकडे जाणारी वाट खडीची आहे, आणि आत लाकडी पुलावर सायकल नेता येत नाही, ती बाहेर लावून चालत जावं लागतं. शिवाय चेक जावा बघायचं ते ओहोटीला. समुद्रगवत, खेकडे, तारामासे भरतीच्या वेळी पाण्याखाली असतात. म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून दिवस ठरवायला हवा. २००१ च्या अखेरीला लोकांच्या आग्रहामुळे तिथला भराव थांबला म्हणून तो किनारा आज उरलाय. त्याला सुटा दिवस द्या. बाबा महिनाभर असतील ना?

---

रानजाई

सव्वा महिना आहेत. मग उबिन वेगळं, ठरलं. नवराही म्हणाला की त्याच वाटेने परत येण्यात काही अर्थ नव्हता.

चांगीहून निघायचं तर सायकली तिथे पोचवायच्या कशा? सातला तिथे भाड्याचं दुकान कुठलं उघडं असणार?

---

आरी_आणि_धाव

इथे मी बोलतो. पुण्यात आमचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे या विषयावर थोडं अधिकाराने लिहितो.

मेट्रोत घडीची सायकलच चालते, आणि तीही घडी केल्यावर १२० × ७० × ४० सेंटिमीटरच्या आत बसणारी. लेकीची साधी वीस इंची मेट्रोत किंवा बसमध्ये घेणार नाहीत. तेव्हा सकाळी सहा आसनी टॅक्सी सांगा. लेकीच्या सायकलचं पुढचं चाक काढलं की ती आणि तुमची घडीची, दोन्ही मागे बसतात. परत येताना पार्कच्या कुठल्याही वाहनतळावर तशीच टॅक्सी बोलवा. वाहनतळांना अक्षर आणि आकडा दिलेला आहे, तो सांगितला की चालक बरोबर येतो.

नवऱ्यासाठी आणि बाबांसाठी ॲपवर उघडणाऱ्या सामायिक सायकली घ्या. चांगी व्हिलेजच्या बसतळाच्या आसपास मिळतात, आणि शेवटी जिथे पिवळ्या चौकोनात क्यूआर कोड आहे तिथे लावून मोकळं व्हायचं. कोड स्कॅन न करता सोडली तर पाच डॉलर दंड कापतात. वाटेत थांबाल तेव्हा कुलूप लावलंत तर तुमची फेरी संपते आणि सायकल दुसरा कोणी घेऊन जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाच्या थांब्यावर एक जण सायकलींपाशी राहिलेला बरा. ईस्ट कोस्टमधल्या दुकानांतून चांगल्या गिअरच्या सायकली मिळतात, काही दुकानं जादा पैसे घेऊन दुसऱ्या शाखेत परतही घेतात, पण तुमच्या वेळेला ती बंद असतील.

आता बाबांच्या सायकलीबद्दल. कृपा करून त्यांना घडीची देऊ नका. ते आयुष्यभर अठ्ठावीस इंची चाकावर बसले आहेत. लहान चाकाचं हँडल एवढं हलकं वळतं की सवय नसलेला माणूस पहिल्याच वळणावर गांगरतो. सामायिक सायकल जड असते, ताठ बसून चालवायची असते, पुढे टोपली असते. त्यांना ती हातची वाटेल.

एक गोष्ट मात्र निघायच्या आदल्या दिवशी घराखाली करून घ्या. आपल्याकडच्या जुन्या सायकलीला लोखंडी सळईचे ब्रेक असतात, ते करकचून दाबावे लागतात. हाताला तीच सवय. इथले ब्रेक दोन बोटांनी लागतात. करकचून दाबला तर पुढचं चाक जागेवर थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे. त्यांना सांगा, आधी हलक्या वेगात फक्त मागचा ब्रेक दाबून बघा, मग फक्त पुढचा, कुठला हात कुठल्या चाकाचा ते पाठ होऊ दे. पंधरा मिनिटांचं काम आहे.

---

घाटवाट

बाबांसाठी ई-सायकल असा विचार कोणाच्या मनात आला तर तो सोडून द्या. इथे मोटर लावलेल्या सायकलीची नोंदणी लागते, नंबरप्लेट लागते, चालवणाऱ्याने लेखी चाचणी दिलेली असावी लागते. पाहुण्या माणसाला ते जमण्यातलं नाही.

नियमही थोडक्यात सांगते. सायकल मार्गावर आणि पार्क कनेक्टरवर वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर, पदपथावर १०. जिथे चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट शेजारी-शेजारी आहे तिथे चालणाऱ्यांच्या पट्ट्यात सायकल घालायची नाही, १ जुलै २०२५ पासून त्यावर कारवाई होते. फोन हातात धरून चालवायचं नाही. डावी बाजू धरायची, जशी आपल्याकडे. बाबांना घंटी वाजवायची सवय असेल. इथे लोक एकदाच, दुरून आणि हळू वाजवतात. अगदी पाठीशी जाऊन वाजवली की चालणारी माणसं दचकून नेमकी आडवी येतात.

हेल्मेट पार्कमधल्या वाटांवर सक्तीचं नाही, रस्त्यावर आहे. तरी सगळ्यांनी घालाच. बाबा नाही म्हणाले तर नातीला सांगायला लावा.

---

दशमी

खाण्याचं मी सांगते. आई-बाबा आले की आम्हालाही हाच प्रश्न पडतो.

चांगी व्हिलेजचं हॉकर सेंटर (खाण्याच्या गाळ्यांचा बाजार) नासी लमाकसाठी प्रसिद्ध आहे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वास एवढा सुरेख येतो की बाबा "भातच तर आहे" म्हणून मागतील. पण वरचे ते कुरकुरीत तुकडे म्हणजे वाळवलेले छोटे मासे, आणि तिखट लाल सांबलमध्ये बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. मासे काढून टाकले तरी सांबल उरतंच. पक्क्या शाकाहारी माणसाला ते देऊ नका.

शुगर असल्यामुळे मी हॉकर सेंटरच्या भरवशावर राहूच नये म्हणेन. सात वाजता निघणार म्हणजे साडेसहाला पोटात काहीतरी हवं. घरून धपाटे किंवा दशम्या न्या, दशम्या दुधात भिजवल्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, काकडी. दही नको, या उकाड्यात टिकणार नाही. बाबांच्या खिशात दोन खजूर किंवा साखरेच्या गोळ्या ठेवा, पिशवीत नाही, खिशात. घाम येऊन, हात थरथरून शुगर उतरायला लागली तर पिशवी शोधण्यात वेळ जायला नको. गोळ्यांच्या वेळेबद्दल तिकडून निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. दिवसभर पेडल मारायचं आहे हे स्पष्ट सांगा.

चहा. इथे नुसतं "तेह" म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. बाबांसाठी "तेह सी कोसोंग" म्हणा. "सी" म्हणजे डब्यातलं बिनसाखरेचं आटवलेलं दूध, "कोसोंग" म्हणजे साखर नाही. दाट होतो, आपल्या घरच्या चहाच्या बराच जवळ जातो. माझे बाबा पहिल्या घोटातच खूष झाले आणि नंतर स्वतः जाऊन मागायला लागले.

ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज समुद्राला लागून आहे, जागा रम्य. पण तिथले बरेचसे गाळे सकाळी बंद असतात, खरी रौनक संध्याकाळी. दहा वाजता तिथे जेवण मिळेल या हिशेबाने जाऊ नका. निवांत बसायला, उसाचा रस प्यायला ठीक (बाबांना नाही, लेकीला). ताट उचलून ठेवायला विसरू नका, २०२१ पासून त्यावर दंड आहे.

---

रानजाई

दशमी, खिशातले खजूर हे एकदम पटलं. आणि आरी, ब्रेकचं आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. बाबांच्या सायकलीला सळईचेच ब्रेक आहेत.

वाटेत लेकीला आवडेल असं काय? आणि पावसाचं कोणी सांगाल का?

---

पूर्वेचा_वारा

आधी पाऊस, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा.

जूनमध्ये दोन प्रकारे येतो. एक, दुपारचा गडगडाट. उकडतं, ढग चढतात, दोन-तीनला कोसळतो. सातला निघून बारा-साडेबाराला थांबलात तर तो बहुतेक वेळा टळतो. दुसरा, ज्याला इथे "सुमात्रा स्क्वॉल" म्हणतात. सुमात्रावर किंवा मलाक्काच्या सामुद्रधुनीवर रात्री ढगांची रांग तयार होते आणि पहाटे किंवा सकाळी सिंगापूरवर येऊन धडकते. एक-दोन तास जोरदार वारा, ताशी ४० ते ८० किलोमीटरपर्यंतचे झोत, मग सगळं शांत. हा नेमका तुमच्या वेळेला येऊ शकतो. म्हणून पहाटे साडेपाचला मायईएनव्ही ॲपमध्ये पावसाचं रडार बघा. पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेली लाल-पिवळी पट्टी दिसली तर टॅक्सी सांगू नका. दोन तास घरीच थांबा, आणि मग उघडा पट्टा सोडून फक्त ईस्ट कोस्ट पार्क करा.

विजेला हलक्यात घेऊ नका. इथे वर्षातले दीडशेहून जास्त दिवस गडगडाटाचे असतात. विमानतळाच्या पट्ट्यात तर चहूकडे मोकळं आहे, सगळ्यात उंच तुम्हीच. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं नाही, बेडोक जेटीवर (समुद्रात गेलेल्या धक्क्यावर) असाल तर लगेच मागे यायचं, स्वच्छतागृहाच्या किंवा दुकानाच्या पक्क्या इमारतीत जायचं.

उष्म्यासाठी त्याच ॲपमध्ये डब्ल्यूबीजीटी नावाचा आकडा असतो. तापमान, दमटपणा, ऊन, वारा सगळं धरून काढलेला. ३१ च्या खाली असेतो ठीक. ३१ झाला की थांबे वाढवा. ३३ झाला की बाबांना आणि लेकीला घेऊन सावलीत बसा, तिथून पुढे मेट्रोनेच जा.

आता लेक. पार्कच्या पूर्व टोकाजवळून विमानतळाकडे जाणारा साडेतीन किलोमीटरचा फाटा आहे. त्यात सुमारे किलोमीटरभर वाटेच्या कडेला पूर्ण आकाराचे डायनासोर उभे केलेत. तिकीट नाही, दिवसरात्र उघडं. २०२० च्या ऑक्टोबरपासून आहे. डायनासोर बघून तिथूनच मागे फिरा, पूर्ण टर्मिनल दोनपर्यंत जाऊन येऊन सात किलोमीटर वाढतील. पण एक सोय ध्यानात असू द्या: कोणाला बरं वाटेनासं झालं तर हाच फाटा विमानतळावर, म्हणजे वातानुकूलित इमारतीत, टॅक्सीपाशी आणि मेट्रोपाशी नेतो. उघड्या पट्ट्यानंतरची ती पहिली सुटका.

पुढे सायक्लिस्ट पार्कमध्ये मुलांना छोटे चढ-उतार आणि वळणं आखून दिलेली आहेत, ती लेकीला फार आवडतील. कोस्टल प्लेग्रोव्हचा १६ मीटर उंच खेळाचा मनोरा मात्र शेवटी ठेवा. एकदा मूल त्यात घुसलं की तास-दीड तास बाहेर येत नाही.

---

कुलाबाकर

मी मुंबईचा, भरावाच्या जमिनीवर वाढलेला, त्यामुळे ईस्ट कोस्ट पार्कबद्दल मला विशेष ममत्व आहे. बाबांना हे नक्की सांगा: तुम्ही ज्या वाटेवरून सायकल चालवाल तो अख्खा पार्क पूर्वी समुद्र होता. १९६६ ते १९८५ या काळात सुमारे १,५०० हेक्टर जमीन इथे टप्प्याटप्प्याने तयार केली. बेडोक आणि सिगलॅपच्या टेकड्या कापल्या आणि माती सरकत्या पट्ट्यांवरून थेट किनाऱ्यावर आणून टाकली. जुना किनारा कातोंगच्या घरांच्या दाराशी होता. आज त्या घरांपासून समुद्रापर्यंत यायला इमारती, महामार्ग, मग पार्क असं सगळं ओलांडावं लागतं.

आणि हे चित्रही कायमचं नाही. "लाँग आयलंड" नावाची योजना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली. याच किनाऱ्यासमोर सुमारे ८०० हेक्टरचा नवा भराव, समुद्र चढला तरी किनारा वाचावा म्हणून, आणि मधे गोड्या पाण्याचा जलाशय. काम अनेक दशकांचं आहे. पण आज बेडोक जेटीवर उभं राहून जी जहाजांची रांग थेट दिसते ती लेकीच्या मुलांना तशी दिसणार नाही. म्हणून जेटीवर दहा मिनिटं उभे राहाच. मासे धरणारी मंडळी असतात, गळ टाकताना मागे बघत नाहीत, सायकल हातात धरून चाला.

---

घाटवाट

चांगी बीच पार्कमध्ये एक छोटा फलक आहे, त्याचंही सांगते. २० फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूर पडल्यानंतर पाचच दिवसांनी, जपानी सैनिकांनी याच पुळणीवर ६६ चिनी पुरुषांना पाण्याच्या काठाशी उभं करून गोळ्या घातल्या. शहरभर झालेल्या हत्याकांडातली ती एक जागा. सकाळी सात वाजता तिथे समोर उबिन दिसतं, लोक तंबू गुंडाळत असतात. लेकीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलाला दहाव्या वर्षी सांगितलं, त्याने नीट ऐकलं आणि फलक दोनदा वाचला. बाबांना सांगाच. त्यांच्या पिढीला त्या युद्धाची आठवण घरच्या बोलण्यातून आलेली असते.

---

रानजाई

हो, बाबांचे मामा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. फलकापाशी थांबू.

सगळं वाचून, घरी चर्चा करून बेत असा पक्का केलाय. शनिवार-रविवार नको, मधला वार. नवरा रजा घेतोय. पहाटे रडार बघून साडेपाचला निर्णय, सहाला टॅक्सी. चांगी व्हिलेजला साडेसहाला धपाटे आणि तेह सी कोसोंग. दोन चांगल्या सामायिक सायकली निवडायच्या, सीट बाबांच्या उंचीला लावायची, बसतळामागे दोन फेऱ्या आणि सातला प्रस्थान. चांगी बीचवर फलकापाशी थांबायचं, मग मात्र धावपट्टीचा पट्टा एका दमात, माणशी दोन बाटल्या पाणी भरून. पार्कच्या टोकाला सावलीत मोठा थांबा, बाबांची शुगर मोजायची. मग डायनासोर, जेटी, सायक्लिस्ट पार्क. पुढे प्लेग्रोव्हपर्यंत जायचं की मरीन परेडला थांबायचं ते उष्म्याचा आकडा आणि बाबांचा चेहरा बघून. साडेबाराला काहीही झालं तरी सायकली खाली. मरीना बराज या खेपेला नाही.

लेक पुढे पळते, तिला कोणामागे ठेवावं?

---

आरी_आणि_धाव

बेत उत्तम झालाय. क्रम असा ठेवा: सगळ्यात पुढे तुम्ही, तुमच्या मागे लेक, तिच्या मागे बाबा, शेवटी जावई. बाबांना पुढे ठेवलंत तर ते सवयीच्या वेगाने जातील आणि लेक त्यांना गाठायला धावेल. तिला गिअर नाहीत, ताशी दहा-बारा हा तिचा दिवसभराचा वेग धरा. बाबांना नातीच्या मागे राहायचं काम दिलं की ते आपोआप सांभाळून चालवतील, आणि जावयाला दोघंही समोर दिसतील.

तिच्या सायकलला आदल्या दिवशी हवा भरा, चेनला तेल घाला आणि कापडाने पुसून घ्या. ओली चेन ठेवली तर किनाऱ्यावरची वाळू तिला चिकटते आणि दोन तासांत करकर सुरू होते. आणि हो, सामायिक सायकल निवडताना उभं राहून मागचं चाक उचला, हाताने पेडल फिरवा. चाक कुठेही न घासता फिरलं तरच घ्या.

---

मोगरा_टेरेस

धागा वाचून मलाही हुरूप आला. माझे सासू-सासरे डिसेंबरमध्ये नागपूरहून येणार आहेत. हाच बेत तेव्हा चालेल का? दोघंही सायकल चालवतात.

---

पूर्वेचा_वारा

मोगरा, डिसेंबर आणि जानेवारीचा पूर्वार्ध टाळता आला तर टाळा. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा तो ओला टप्पा, कधी कधी लागोपाठ दोन-तीन दिवस थांबून थांबून कोसळतं, आणि रडार बघून टाळता येईल असा तो पाऊस नसतो. ते फेब्रुवारीपर्यंत राहणार असतील तर फेब्रुवारीच निवडा. कोरडी हवा असते, उकाडा कमी, आणि चांगीहून निघालात की वारा पाठीमागून. उजाडायला सव्वासात होतात, एवढं मात्र टॅक्सी सांगताना धरा.